साथ ओसरल्यावर गाव उभा करणारा राजा
राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारभाराची शेतकऱ्यांनी व गावकामगारांनी ध्यानात ठेवावी अशी बाजू

शेतकरी बंधूंनो, राजर्षी शाहू महाराजांचे नाव निघाले की वसतिगृहे, राखीव जागा आणि राधानगरीचे धरण या तीन गोष्टी आपल्याला चटकन आठवतात. ते बरोबरच आहे. पण त्यांच्या कारकिर्दीकडे आणखी एका बाजूने बघायला हवे. महाराज गादीवर होते अठ्ठावीस वर्षे. या काळात कोल्हापूर संस्थानावर दोन मोठे दुष्काळ, प्लेगची साथ आणि शेवटी इन्फ्लुएन्झाची साथ अशी संकटे कोसळली. माणसे मेली, बाजार बसले, कारागिरांचे हात रिकामे झाले. अशा वेळी धान्य वाटून थांबणारे राजे पुष्कळ झाले. शाहू महाराज तिथे थांबले नाहीत. साथ ओसरल्यावर माणूस स्वतःच्या धंद्यावर परत उभा कसा राहील, याचा त्यांनी विचार केला आणि त्यासाठी कायदे, पेठा, पाणी व पत या चारही बाजूंनी कामे केली. 2020 व 2021 साली करोनाच्या साथीने आपलेही बाजार बंद पडले होते. म्हणून ही हकीकत आज वाचण्यासारखी आहे.

कागलचा मुलगा, कोल्हापूरचा राजा

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. मूळ नाव यशवंतराव. 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले व शाहू हे नाव ठेवले. राजकोटला व नंतर धारवाडला त्यांचे शिक्षण झाले. धारवाडला स्टुअर्ट फ्रेजर नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक होते. 2 एप्रिल 1894 रोजी वयाच्या विसाव्या वर्षी राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

संस्थान फार मोठे नव्हते आणि वर इंग्रज सरकारचे लक्ष होते. त्यामुळे मनात आले आणि केले, असे चालत नव्हते. खजिना बेताचा. पण एक गोष्ट हाताशी होती. 1891 साली मिरज ते कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती. माल बाहेर न्यायची वाट खुली झाली होती, आता माल एका जागी येऊन त्याला भाव मिळायला हवा होता.

गुळाला पेठ मिळाली

पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस होता, गुऱ्हाळे होती, चांगले गुळवे होते. पण गूळ विकायचा कुठे? गाडी जुंपून लांबच्या बाजाराला जायचे, तिथे व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचा आणि परत यायचे. न विकलेले रवे परत आणणे परवडत नाही, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असते.

1895 साली, म्हणजे राज्य हाती आल्यावर वर्षभरातच, महाराजांनी रेल्वे स्टेशनजवळ शाहूपुरी ही नवी पेठ वसवली. व्यापाऱ्यांना बोलावले, जागा दिल्या, सवलती दिल्या. पुढे हीच पेठ गुळाची मोठी बाजारपेठ झाली आणि कोल्हापुरी गूळ हे नाव देशभर गेले. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा पाया या पेठेत आहे असे म्हणायला हरकत नाही. पुढे शिरोळ भागात वडिलांच्या नावाने त्यांनी जयसिंगपूर वसवले, तेही रेल्वेच्या कडेलाच. ते गावही आज मोठे बाजाराचे ठिकाण आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. महाराजांनी स्वतः गूळ विकत घेतला नाही. व्यापाराला जागा, रस्ता आणि भरवसा दिला. बाकीचे काम शेतकऱ्याने व व्यापाऱ्याने केले.

दुष्काळ आणि प्लेग

पेठ वसते न वसते तोच 1896 चा पाऊस दगा देऊन गेला. 1896-97 चा दुष्काळ पडला. त्याच सुमारास मुंबईत प्लेग सुरू झाला होता, तो पुण्याकडून सरकत दक्षिणेत आला. 1899-1900 ला पुन्हा दुष्काळ. म्हणजे चार वर्षांत दोन दुष्काळ आणि मध्ये साथ. घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्या घालून राहत. बाजार भरत नव्हते. जनावरे कवडीमोलाने विकली जात होती.

महाराज स्वतः संस्थानात फिरले. स्वस्त धान्याची दुकाने उघडली. जनावरांसाठी चाऱ्याची सोय केली. निराधारांसाठी आश्रमगृहे काढली. रस्ते, तलाव, विहिरी अशी कामे काढून लोकांच्या हाताला मजुरी दिली, आणि कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी सांभाळण्याची जागा केली. आज रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर असावे असा नियम आहे, त्याचा विचार इथे सव्वाशे वर्षांपूर्वी झाला होता. शेतकऱ्यांना बी-बियाणे व बैलांसाठी तगाई कर्जे दिली.

या मदतीमागचा हिशेब आपण शेतकऱ्यांनी ओळखला पाहिजे. दुष्काळात बैल विकला गेला की पुढच्या वर्षी पाऊस चांगला पडूनही रान पडीक राहते. चारा मिळाला तर बैल वाचतो, बैल वाचला तर पेरणी होते. म्हणजे चाऱ्यावरचा खर्च हा दान नव्हे, ते पुढच्या हंगामाचे भांडवल आहे. साथीच्या काळात जे मोडू दिले जात नाही, तेच साथीनंतर लवकर उभे राहते.

पाण्याशिवाय धंदा नाही

दोन दुष्काळांनी महाराजांना एक धडा दिला. पावसावर भरवसा ठेवून शेती टिकत नाही आणि शेती टिकली नाही तर पेठही टिकत नाही. 1902 साली त्यांनी पाटबंधाऱ्याचे धोरण ठरवले. संस्थानातल्या विहिरी-तलावांची पाहणी झाली. जुने तलाव दुरुस्त केले, नवे खोदले.

त्यानंतर हाती घेतले ते भोगावती नदीवरचे राधानगरीचे धरण. 1907 च्या सुमारास निर्णय झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत काम सुरू झाले. एका लहान संस्थानाने एवढे मोठे धरण बांधायला घेणे ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती. पैसा कमी पडला, पहिले महायुद्ध आले, 1918 पर्यंत भिंत सुमारे चाळीस फुटांवर येऊन काम थांबले. महाराजांच्या हयातीत धरण पुरे झाले नाही. ते स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात पुरे झाले. आज सुमारे आठ टीएमसी पाण्याचा साठा तिथे होतो आणि भोगावतीकाठचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे. पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदीकाठची गावे सावध होतात, इतका तो आपल्या रोजच्या जगण्याचा भाग झाला आहे. ज्याने पाया घातला त्याला फळ बघायला मिळाले नाही. पण पाया घातला नसता तर पुढच्यांनी कशावर बांधले असते?

गिरणी, सोसायटी आणि लोखंडी नांगर

1906 साली कोल्हापुरात शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिलची उभारणी सुरू झाली. सूतगिरणीमुळे शेतावर पोट न भरणाऱ्या घरांतल्या माणसांना रोजगार मिळाला. ती गिरणी आता बंद आहे, पण कोल्हापूरची कैक घरे तिच्यावर वाढली. पन्हाळ्याच्या डोंगरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही महाराजांनी केले. काही प्रयोग टिकले नाहीत. पण आपल्या मातीत काय येते हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही, हे आम्हा कृषी खात्यातल्या माणसांना सांगायला नको.

1912 साली किंग एडवर्ड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. सुधारलेली अवजारे लोकांना दाखवायची, प्रदर्शने भरवायची, हे तिचे काम. शेतकरी ऐकून बदलत नाही, बघून बदलतो. लोखंडी नांगराचेच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे लोक म्हणत आणि सुरुवातीला दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. 1910 साली औंधच्या राजांनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या, अशी हकीकत सांगितली जाते. शेजारच्या संस्थानातला कारखाना, पण नांगर तर सगळ्यांच्याच रानात चालणार होता.

याच सुमारास कोल्हापूर संस्थानात सहकारी सोसायट्यांचा कायदा आला आणि 1913 साली कोल्हापूर अर्बन सोसायटी निघाली. सावकाराच्या वहीबाहेर कर्ज मिळायची ही पहिली वाट. लहान दुकानदार, कारागीर, शेतकरी यांना गहाण टाकायला सोने नसते. त्यांची पत म्हणजे त्यांची ओळख. सोसायटीत दहा जण एकमेकांना ओळखतात, म्हणून एकाला कर्ज मिळते. पुढे पश्चिम महाराष्ट्रात सहकाराचे जे मोठे झाड वाढले, त्याच्या पहिल्या रोपांपैकी हे एक.

1918 : घरात दुःख, राज्यात साथ

1918 हे साल महाराजांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण साल. जून महिन्यात धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात गेले. ऐन विशीच्या आतबाहेरचा मुलगा. त्यातून सावरत नाही तोच पावसाने ओढ दिली, युद्धामुळे महागाई भडकलेली, आणि पावसाळ्याच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची साथ आली. या साथीने हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे. 1911 ते 1921 या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी घटली, यावरून काय झाले असेल ते समजा. मेले त्यांत कमावती तरुण माणसे फार होती. म्हणजे ज्या घरात दोन कर्ते हात होते तिथे एक उरला, काही घरांत तोही नाही.

आणि याच 1918 सालात महाराजांचे सर्वात मोठे आर्थिक निर्णय आहेत. हे निर्णय साथीसाठी म्हणून काढलेले नव्हते, काही तर साथ येण्याआधीचे आहेत. पण साथीनंतर गाव उभे राहायला त्यांचाच उपयोग होणार होता. ते तीन निर्णय असे.

पहिला, कुलकर्णी वतन बंद. गावचे दप्तर वंशपरंपरेने एकाच घरात असायचे. जमिनीची नोंद, साऱ्याचा हिशेब, सगळे त्याच घरात. रयतेला आपल्याच जमिनीचा कागद बघायला दुसऱ्याच्या ओसरीवर उभे राहावे लागे. महाराजांनी वतन काढून पगारी तलाठी नेमले, आणि तलाठ्याचे शिक्षण सर्व जातींच्या मुलांना खुले केले. विरोध मोठा झाला, वर इंग्रज सरकारकडे तक्रारी गेल्या, वर्तमानपत्रांतून टीका झाली. महाराज हटले नाहीत.

दुसरा, महार वतन बंद. थोड्याशा सामाईक जमिनीच्या बदल्यात अख्ख्या समाजाला रात्रंदिवस सरकारी व गावकीची कामे बिनमजुरीने करावी लागत. महाराजांनी ती सक्ती काढली आणि जमिनी ज्याच्या त्याच्या नावाने रयताव्याने केल्या. मुलाच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आत हा हुकूम निघाला, हे विसरू नये. पुढे वेठबिगारीलाही कायद्याने बंदी आली.

तिसरा, बलुतेदारीचे बंधन सैल केले. सुताराच्या मुलाने सुतारकीच करावी, गावाबाहेर जाऊ नये, बलुत्याच्या पेंढ्यांवर वर्ष काढावे, ही रीत मोडली. ज्याला जो धंदा जमेल तो त्याने करावा, रोख मजुरी घ्यावी.

आता या तिन्हींना एकत्र बघा. कागद सरकारी पगारी माणसाच्या हातात आला, जमीन स्वतःच्या नावावर झाली आणि धंदा निवडायची मोकळीक मिळाली. नवा धंदा काढणाऱ्याला याहून दुसरे काय लागते? ज्याच्या श्रमावर दुसऱ्याचा हक्क आहे, त्याला कितीही कर्ज दिले तरी तो उद्योजक होत नाही. आधी तो मोकळा व्हावा लागतो.

गंगाराम कांबळे यांचे हॉटेल

कायदा कागदावर असतो, तो चालतो की नाही हे रस्त्यावर कळते. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच काही नोकरांनी त्यांना बांधून फोडून काढले. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कुणी?

महाराजांनी मग स्वतःची गाडी त्या हॉटेलासमोर उभी करायला सुरुवात केली. गंगारामांकडचा चहा मागवायचा, आपण प्यायचा आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायचा. राजाच पितो म्हटल्यावर सोबतचे नको कसे म्हणणार? ज्यांना सही-शिक्क्याची कामे असत त्यांनाही तिथेच गाठावे लागे. हळूहळू हॉटेल चालू लागले. महाराज गेल्यानंतर त्यांचे पहिले स्मारक उभे करण्यात याच गंगारामांनी पुढाकार घेतला.

या गोष्टीत धंद्याचा मोठा धडा आहे. भांडवल देणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे काम म्हणजे गिऱ्हाईक मिळवून देणे. आज आपण बचत गटाला कर्ज देतो, शेवया-पापड-मसाल्याचे यंत्र देतो, फोटो काढतो आणि विसरतो. वर्षाने यंत्रावर पोते टाकलेले असते. कारण माल कोण घेणार याचा विचार कुणी केलेला नसतो. गावच्या शाळेने, ग्रामपंचायतीने, सोसायटीने आपल्या समारंभाचा माल त्याच गटाकडून घेतला तर? त्याला फार पैसा लागत नाही. गाडी कुठल्या दारात उभी करायची एवढे ठरवावे लागते.

शेवट आणि उरलेले काम

1919 साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत महाराजांना राजर्षी ही पदवी मिळाली. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

सगळेच त्यांच्या मनासारखे झाले असे नाही. धरण अर्धे राहिले. पेठेत गूळ आला पण आडत आणि उचल यांच्या फेऱ्यातून शेतकरी पुरता सुटला नाही, ते भांडण पुढच्या पिढ्यांना लढावे लागले. तलाठी नेमले तरी दप्तराची अडवणूक एका हुकुमाने संपली नाही. आपण त्यांचे पुतळे उभे करतो तेव्हा हे अपुरे कामही आपल्याच वाटणीचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

करोनानंतर 2020 साली केंद्र सरकारने लहान उद्योगांसाठी विनातारण कर्जाची हमी, शेती पायाभूत सुविधा निधी आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 35 टक्के अनुदानाची योजना जाहीर केली. योजना चांगल्या होत्या. त्यांतून गुऱ्हाळे सुधारली, काजू-हळदीचे, डाळीचे लहान कारखाने उभे राहिले. पण पुष्कळ ठिकाणी प्रकरण अडले ते पैशासाठी नव्हे, कागदासाठी. वारसाची नोंद नाही, सातबारावर मयताचेच नाव, सामाईक क्षेत्राची फोड नाही. साथीत घरचा कर्ता गेला आणि नोंद वर्षभर लटकली, तर त्या घरच्या विधवेला बँक दारात उभी करत नाही. तिच्या हातात हुन्नर असतो, कष्टाची तयारी असते, फक्त नावावर काही नसते.

म्हणून गावकामगार मंडळींना विनंती. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव, आणि आम्ही कृषी खात्यातले सुद्धा, आपण सर्व जण पगारी नोकर आहोत, वतनदार नव्हे. हे पद 1918 साली कशासाठी निर्माण झाले ते आठवावे. कर्ता गेलेल्या घराची वारसनोंद मागायला येण्याची वाट बघू नये, आपण होऊन करावी. शेतकरी बंधूंनीही आपला सातबारा व आठ-अ आजच काढून नावे तपासावीत. धंदा काढायचा असेल तर आधी माल कुठे विकणार ते ठरवावे, मग यंत्राची चौकशी करावी, आणि कर्ज सगळ्यात शेवटी. पेठ, पाणी, पत आणि कागद ही चार कामे जागेवर असली की साथीतून गाव उठते. महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी बैलगाडीच्या जमान्यात ती सुरू केली. आपल्याकडे तर आता गाड्याही आहेत आणि संगणकही.